तळमजल्यावरची तोफ

इमारतीत तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती? जिन्यात, हळू आवाजात. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, तिचं शिलाई मशीन आणि पाय ओढत चालणारी सासू. नवरा परगावी नोकरीला. वरच्यांनी सिंकमध्ये काहीही ओतावं, संडासात काहीही टाकावं, ते शेवटी हिच्या मोरीतून वर यायचं आणि हिनंच पुसायचं. मग चिडू नये तर काय करावं माणसानं?

चिडायची तेही साग्रसंगीत, जिन्यात उभी राहून. "तळणीचं तेल ओतता काय मोरीत? गार होऊ द्या, कागदानं टिपा, कचऱ्यात टाका! आणि ते ओले टिश्यू! घरात कचऱ्याचा डबा नाही का तुमच्या?" तिच्या धाकानं निम्म्या इमारतीनं सिंकला जाळ्या बसवल्या, हे कबूल करावं लागेल. तरी हल्ली चेंबर सारखा तुंबत होता. त्या घाणीत म्हातारीचा पाय घसरला तर, या विचारानं तिचं डोकं आणखीच फिरायचं.

त्या सकाळी पाणी थेट सासूच्या पलंगापर्यंत आलं. तिनं मशीन सोडलं, ड्रेनेजवाल्याला बोलावलं आणि हाका मारमारून सगळ्यांना खाली उतरवलं. आज चोर मुद्देमालासकट पकडायचा होता. "बघा आता डोळे उघडून! कळू दे एकदा कुणाचं पाप आहे ते!"

ड्रेनेजवाल्यानं झाकण उचललं, तार आत घालून फिरवली आणि ओढली. चिंध्यांचा हा एवढा पीळ बाहेर आला. त्यावर पाणी मारलं तसे रंग दिसू लागले. जांभळे ठिपके, हिरवे पट्टे. तिच्याच कात्रीनं कापलेले तुकडे. चिंध्यांचं पोतं सासूच्या पलंगाशी असायचं.

"अय्या, ही तर तुमचीच कापडं!" मोरीत तळणीचं तेल ओतणारी वरची बाई फिदीफिदी हसली.

तोफेनं मागं पाहिलं. सासू दाराची चौकट धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. म्हातारीला संडासापर्यंत पोचायला वेळ पुरत नव्हता. चिंध्यांनी पुसायचं आणि कुणाला दिसू नये म्हणून त्या संडासात टाकून वर पाणी ओतायचं, असं चाललं होतं तर.

"माझीच आहेत," ती ओरडली. "मीच टाकली. चुकलं माझं! झालं समाधान? निघा आता!"

हसण्याचे आवाज जिन्यानं वर गेले. इतक्या वर्षांचा दरारा त्यांच्याबरोबर गेला.

आत येऊन तिनं दार आपटलं. "अहो आई, सांगायचं ना मला! मी धुतलं असतं, पुसलं असतं, काय वाट्टेल ते केलं असतं. चारचौघांत नाक कापलं गेलं माझं. का नाही सांगितलंत?"

सासू पलंगाच्या कडेवर टेकली.

"अगं, दुसऱ्यांच्या घाणीवर तू केवढी ओरडतेस, ते मी रोज इथूनच ऐकते," ती म्हणाली. "माझी घाण कळल्यावर मला घरात ठेवलं असतंस का?"