बारा पॉइंट चार

जुन्नरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा एकतीस वर्षं जयवंतमामांच्या हातावर चालली. पद शिपायाचं, शिक्षण जेमतेम दहावी; पण किती पाण्यात किती अ‍ॅसिड घालायचं, हे सरसुद्धा त्यांनाच विचारायचे. दहा लिटरला पंच्याऐंशी मिली, अगदी तोंडपाठ! हिशेब बरोबरच होता, पण अ‍ॅसिड ताजं असलं तर.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तिथली रीतच न्यारी. द्रावण वाटता वाटता मामा दोन्ही पंजे उघडून दाखवायचे. म्हणजे उत्तर दहा, गुलाबी रंग जायला दहा मिली अ‍ॅसिड लागतं. पोरं नावाला ब्युरेटच्या मापनळीतून अ‍ॅसिड सोडायची आणि वहीत दहा लिहून मोकळी. निकाल झकास, सर खूश, मामांचा केवढा मान!

यंदा घाटघरची हर्षाली पंज्यांकडे बघेचना. एसटीनं येणारी पोर. मामांनीच तिला ब्युरेट धरायला शिकवलं होतं, "गुलाबी रंग गेला की थांबायचं, थेंबभर बी जास्त नाय." तिनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा बारा पॉइंट चार. तिनं तेच लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सगळ्यांचं दहा पाहिलं आणि तिच्या आकड्यावर लाल रेघ ओढली.

 परीक्षक चहाला उठल्यावर मामांनी स्वतः करून बघितलं. बारा पॉइंट चार! मग अ‍ॅसिडची बाटली काढली. बूच ढिलं, दिवाळीपासून वाफ उडून अ‍ॅसिडचा जोर गेलेला. माप तेच, पण द्रावण कमजोर, मग ते जास्त लागणारच की! अख्ख्या वर्गात ती एकटी बरोबर होती.

परीक्षक पलीकडच्याच खोलीत होते. पण सांगितलं की पहिला प्रश्न हाच, बाकीच्यांचं दहा आलं कुठून? निवृत्तीला चार महिने राहिलेले, आणि एकतीस वर्षांचं नाव मातीत मिळणार. मामा दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तेवढ्यात गुणांचं पाकीट सील झालं.

संध्याकाळी स्टँडवर हर्षालीनं त्यांना गाठलं. डोळे रडून सुजलेले.

"मामा, खरं सांगा. माझं काय चुकलं? मला वाटलं व्हतं, हे मला जमतंय."

मामांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तोंडातून निघालंच, "हात हलला असंल, बाई."

"तुमी एवढं शिकवलंत, तरी बी," ती म्हणाली, आणि त्यांच्या पाया पडून एसटीत चढली.