सुतारपक्षीण उठून गेली

वाद्यवृंदातले लोक तिला पाठीमागे ‘सुतारपक्षीण’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. म्हणणाऱ्यांची तिला कीवही येत नसे. कीव करायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

ती पियानो वाजवायची, आणि एका जुन्या, नावाजलेल्या रचनेत तिच्या वाट्याला एकच सूर होता. ती रचना अवघी पानभर. छोट्या छोट्या सुरावटी. प्रत्येक वादकाने एकेक मनाला येईल तितका वेळ घोळवायची आणि पुढच्या सुरावटीवर जायचं. कुणी पुढे, कुणी मागे, गंमत सगळी त्यातच. आणि या साऱ्यांना धरून ठेवायला पियानोवर एकच वरचा सूर, टक टक टक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तरुणपणी हे काम तिच्या गळ्यात पडलं, कारण इतरांना त्यात कमीपणा वाटला. ती मात्र रमली. बोट एकदा लयीत पडलं की बाकीचे सूर पाण्यासारखे वाहायचे आणि ती काठासारखी बसून राहायची.

मग नवे अर्थ लावणारे आले. एकाने रचना अर्ध्या गतीने वाजवून घेतली. श्रोते पेंगले, तर तो त्याला ध्यान म्हणाला. दुसऱ्याने वादकांच्या हाती शिवणयंत्रं दिली.

“कापड तरी द्यायचं,” ती घरी बहिणीला म्हणाली. “निदान उशांचे अभ्रे झाले असते.”

दोघी बहिणी एकत्र राहत. थोरली दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची; संगीतातलं तिला ओ की ठो कळत नसे.

यंदा आलेला दिग्दर्शक भर उन्हाळ्यात लोकरीचा मफलर घालायचा. पहिल्याच तालमीला त्याने सगळ्यांना बूट काढायला लावले.

“ही रचना म्हणजे माणसामाणसांतला संवाद आहे. वाजवता वाजवता फिरा. एकमेकांना शोधा.”

“मी पियानो पाठीवर घेऊ का?” तिने विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. दिग्दर्शक गंभीरच. “नाही. तुम्ही स्थिर. लोक तुमच्याकडे येतील.”

आणि आले की! पहिल्याच प्रयोगात बासरीवाला अनवाणी पावलांनी आला आणि पियानोला गाल टेकवून तिच्याकडे डोळे भरून बघत बसला. बासरी वाजवायचं तो विसरूनच गेला. मागून व्हायोलिनवालीने येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. मानेवर गरम श्वास, पुढून कांद्याचा वास. टक टक टक. तिने सोसलं, आणखी सोसलं, आणि मग तिचं डोकंच फिरलं. तिने बोट उचललं, पट्ट्यांवरचं झाकण लावलं, विंगेत जाऊन बूट घातले आणि सरळ घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी बोलणी खायच्या तयारीने गेली, तर दिग्दर्शक धावतच समोर आला.

“काय केलंत तुम्ही! तो सूर थांबला आणि अख्ख्या सभागृहाने श्वास रोखला! वर्तमानपत्राने तुमच्या जाण्यावरच लिहिलंय. आता रोज हेच करायचं.”

“काय करायचं?”

“उठून जायचं. तसंच, तिटकाऱ्याने.”

“तिटकाऱ्याची काळजी नको,” ती म्हणाली. “तो रोज येईल.”

आलाही. रोज लोक तिच्या जाण्याची वाट बघत आणि ती गेली की खुळ्यासारखे भारावून जात. घरी जाताना मात्र वाटभर तिचं बोट पिशवीवर टक टक करत राहायचं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या प्रयोगाला बहीण आली. सुतारपक्षीण नेहमीप्रमाणे मधूनच घरी आली, जेवण गरम करून बसली. बहीण बऱ्याच वेळाने आली, डोळे लाल.

“तू होतीस ना, तोवर मला काही कळेचना गं. सारखी टकटक. तू गेलीस आणि मोकळं वाटलं. शेवटी तर मला रडूच आलं.”

तिने बहिणीकडे नीट पाहिलं. टोमणा ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

“जेव,” ती म्हणाली.

पुढच्या मोसमात तिने ती रचना सोडली. दिग्दर्शकाने तिच्या जागी एक नटी आणली. तिला पियानो येत नव्हता. पण उठून जाते, म्हणे, अप्रतिम.