कळलावीचा पहिला नंबर

भातकुलीकडच्या माझ्या माहेरच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काटेरी झुडपांचं जुनं कुंपण होतं. श्रावणात त्यावर कळलावी फुलायची. खाली पिवळ्या, वर लालभडक, उलट्या वळलेल्या पाकळ्या. लांबून पाहिलं तर कुणी कुंपणाला काडी लावली असं वाटे. तरी गावात तिचं कौतुक नव्हतं, कारण ती कंदापासून बियांपर्यंत विषारी. भावाने कुंपण काढून तार लावायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, निदान नाल्याकडचा तुकडा राहू दे.

"काहून? तिची का पूजा करतं?" तो म्हणाला. पण राहू दिला.

शेंगा वाळल्यावर मी मोजक्याच तोडल्या, बाकीच्या वेलीवरच ठेवल्या आणि मण्यांसारख्या लाल बिया रुमालात बांधून अमरावतीला आणल्या. कंद उकरून आणला असता तर पुढच्याच पावसाळ्यात फूल दिसलं असतं. पण मग धुऱ्यावर काय उरलं असतं? खड्डा.

सासूबाईंनी नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "कळलावी? घरात? भांडणं होतीन ना!"

आमच्या घरात भांडायला आजवर कुठल्या वेलीची मदत लागली नव्हती. मी मागच्या भिंतीशी, लहान मुलांचे हात पोचणार नाहीत अशा जागी बिया पेरल्या. पहिल्या पावसाळ्यात गवतासारखं एकेक पान आलं आणि थंडी सुरू व्हायच्या आत वाळलं. दुसऱ्या वर्षी वीतभर वेल. नवरा आल्यागेल्याला दाखवायचा, "पाहा, हिनं माती लावली हाय." तिसऱ्या वर्षी वेल भिंतीवर चढली आणि फुलली. त्या दिवसापासून तो पाहुण्यांना सांगू लागला, "आमी लावली."

माझी धाकटी नणंद अकोल्याला असते. तिथल्या बागप्रेमी बायकांच्या गटाची ती अध्यक्ष. तिच्या बागेत सिमेंटचे बगळे आहेत, प्लास्टिकचं गवत आहे, आणि जे थोडंफार जिवंत आहे त्याला हात लावू नये अशी पाटी आहे. त्या वर्षी राखीला ती आली. ओवाळणीचं ताट हातात घेऊनच मागच्या दारात थबकली.

"वैनी, हे मले पाह्यजे. एक कांदा काढून द्या."

"कंद नाही काढत मी. दिवाळीनंतर बिया देते."

"फूल कधी येईन?"

"तिसऱ्या वर्षी."

"तिसऱ्या वर्षी! अवो, स्पर्धा गणपतीत हाय!"

गटाने त्या वर्षी दुर्मिळ वनस्पतींच्या संवर्धनाची स्पर्धा ठेवली होती आणि अध्यक्षीणबाईंकडे सिमेंटच्या बगळ्यांखेरीज दुर्मिळ काही नव्हतं. ती तोंड फुगवून परत गेली.

गणपतीत तिने आम्हाला आग्रहाने बोलावलं. मी, नवरा, सासूबाई, सगळे अकोल्याला गेलो. हॉलमध्ये सोनेरी रंगाच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत फुललेली कळलावी, काडीला सॅटिनच्या रिबिनीने बांधलेली. गटातल्या एका बाईने तर एक फूल अंबाड्यात खोवलं होतं. नणंदेला पहिला नंबर मिळाला. शाल झाली, नारळ झाला आणि माईक तिच्या हातात आला.

"आम्ही मैत्रिणी गाडी करून पातूरच्या डोंगरात गेलो," ती माईकवरच्या शुद्ध भाषेत म्हणाली. "बिचारी फुलं तिथे जंगलात पडलेली, पाहायला कुणी नाही. बकऱ्यांनी खाऊन टाकली असती! आम्ही एकही मागे ठेवलं नाही. सगळीच्या सगळी वाचवली!"

टाळ्या कडाडल्या. परीक्षक म्हणाले, याला म्हणतात संवर्धन. माझ्या पायाखालची सतरंजी मला बोचू लागली. मी उभी राहिले.

"बकरी कळलावीला तोंड लावत नाही," मी म्हटलं. "विषारी असते ती. डोंगरावर तिला बकऱ्यांची भीती नव्हती. भीती होती ती तुमच्या गाडीची."

मला वाटलं, आता तरी कुणी त्या उकरलेल्या डोंगराबद्दल विचारेल. पण लोकांनी एकच शब्द ऐकला. "विषारी?" परीक्षकांनी कुंडीवरचा हात झटकला. आयांनी पोरं मागे ओढली. अंबाडावाल्या बाईने किंचाळून फूल फेकलं ते नेमकं सत्काराच्या पेढ्यांत पडलं.

नणंदेची शुद्ध भाषा तिथेच संपली. ती माईकवरूनच म्हणाली, "वैनी, तुमी जळून राहिल्या का आमच्यावर?"

नवरा समोशाच्या बशीत काहीतरी शोधत होता. परतताना मूर्तिजापूरजवळ गाडीत तो म्हणाला, "तुले तिथंच बोलाचं होतं?" आणि सासूबाई मागच्या सीटवरून समाधानाने म्हणाल्या, "मी नाव ऐकलं तवाच सांगितलं होतं."

भाऊबीजेला नणंद आली नाही. नवऱ्याने आठवडाभर माझ्याशी फक्त मिठाबद्दल संभाषण केलं. मग एका दुपारी तिचा फोन आला.

"वैनी, मेल्या साऱ्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी देल्लं, खत टाकलं. पिवळ्या पडल्या अन् मेल्या. कांदेबी सडले." ती खरंच रडत होती.

मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ते वाटणं फार टिकलं नाही. मी तिला समजावलं की वेल दरवर्षी वाळतेच, कंद जमिनीखाली झोपतो, तेव्हा त्याला पाणी द्यायचं नसतं.

"झोपते? मंग सांगाचं नाई का?"

"तुम्ही विचारलं नाही. उकरलं."

पुढच्या श्रावणात मी तिला घेऊन पातूरला गेले. ती कुरकुरत आली. त्या उतारावर खड्डेच खड्डे होते, पाण्याने भरलेले, आणि मधे तरोट्याचं तण माजलं होतं. ती एकेका खड्ड्यात वाकून पाहत वर चढत गेली. शेवटी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला तिला एकच वेल दिसली, फुललेली.

"हे कशी राहिली?" तिने हळूच विचारलं.

"तेव्हा तुम्हाला दिसली नाही म्हणून."

ती चिडली नाही. वेलीसमोर उकिडवी बसली, दोन्ही हात मांडीत दाबून. मी बियांची पुडी दिली ती तिने घेतली.

आता नणंदबाई अकोल्यात भाषणं देतात. विषय: कंद उपटू नका, बी पेरा, वाट पाहा. सुरुवात ठरलेली असते, "मी तर लहानपणापासून हेच सांगत आले." दर भाषणाला शाल मिळते. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते, कारण खुरपी घेऊन डोंगरात निघणाऱ्या बायका तिला घाबरतात. मला कुणी घाबरलं नव्हतं.