अक्कांचा पदर आणि बॅकग्राउंड रिमूव्हर

"मना पदर कोठे गया?" फोनवर अक्कांचा आवाज चढला होता. "हाऊ फोटो माले नको. बठ्ठं गाव देखी." सगळं गाव बघेल, ही त्यांची चिंता.

मी धुळ्यात एका प्रिंटिंगच्या दुकानात डिझायनर आहे. पिंपळनेरच्या सखूअक्का बिबडे करतात, म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड. एका ऑनलाइन दुकानाने ते विकायला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. बनवणाऱ्या बाईचा फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. नाहीतर यंदा त्यांच्या यादीत अक्कांचं नाव नाही.

अक्कांच्या सुनेने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. मी तो ऑनलाइन टूलमध्ये टाकला आणि बॅकग्राउंड रिमूव्हरचं बटण दाबलं. हे टूल माणूस ठेवतं आणि मागचं सगळं पुसतं. कपाळावरची एक बट सुटी होती, तीसुद्धा नीट कापली. मी खूश होऊन फोटो आधी अक्कांना दाखवायला सुनेकडे पाठवून दिला. पण भिंत चुन्याची आणि अक्कांचं पातळ पांढरं. टूलने भिंतीबरोबर डोक्यावरचा पदरही पुसला होता. उभ्या आयुष्यात परक्यासमोर जी बाई उघड्या डोक्याने गेली नाही, तिला मी ऑनलाइन दुकानात तशी उभी करत होते. मला फार वाईट वाटलं.

"कोण बघतंय एवढं?" आमचे मालक नाना म्हणाले. "दे पाठवून."

"अक्का बघताहेत ना."

टूलमध्ये रिस्टोअर ब्रश असतो. पुसलेला भाग त्याने परत आणता येतो. पदर आला, पण भिंतीचे पोपडे घेऊन आला. नाना म्हणाले, "एआयला सांग, पदर दे." एआयने लाल जरीची नवरीची ओढणी दिली. ती बघून नानांनीच ती पुसायला लावली.

मी ऑनलाइन दुकानवाल्यांना फोन लावला. "नुसत्या बिबड्यांचा फोटो चालेल का?"

"नाही मॅडम, चेहरा लागतोच."

मग मात्र मी हट्टालाच पेटले. सुनेला फोन केला. "मागे गडद रंगाचं काहीतरी धरा. काय आहे घरात?"

"कांद्यावर टाकायची ताडपत्री शे, ताई. निळी."

सुनेच्या दोन जावांनी ती मागे धरली. फोटो आला तो पदर निळसर घेऊन. गडद कापडाला अगदी चिकटून उभं राहिलं, की त्याचा रंग अंगावर पडतो. हे मला माहीत होतं, सांगायचं राहिलं होतं. "अक्कांना चार पावलं पुढे घ्या," मी म्हटलं. अक्का कंटाळल्या होत्या, तरी उभ्या राहिल्या. या वेळी पदर पांढरा आला आणि टूलने तो अख्खा ठेवला. पांढऱ्यावर पांढरा हरवू नये म्हणून मी चुण्यांमधली सावली थोडी गडद केली. ऑनलाइन दुकानाला पाठवण्याआधी फोटो अक्कांना पाठवला.

"आते बरं शे," त्या म्हणाल्या. "धाडी दे."

संध्याकाळी आमचं दुकान बंद व्हायच्या आत फोटो मंजूर झाला. आज अक्का त्या पानावर डोक्यावर पदर घेऊन आहेत, चेहऱ्यावर जरा वैताग आहे.

माणूस कुठला आणि बॅकग्राउंड कुठलं, हे टूल बरंचसं रंगावरून ठरवतं. हल्ली फोटोत काय राहायला हवं, हे मी ज्याचा फोटो, त्याला आधी विचारते.