आधी तू सांग

शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात रुजू झाली त्या दिवशी तिने जेवणाच्या सुट्टीपर्यंत सतरा प्रश्न विचारले, आणि सुट्टीत कोणीतरी हे बारसं उरकून टाकलं. तिनेही ते हसून घेतलं. डिग्री ताजी, बूट नवे, आणि पंप म्हणजे परीक्षेत काढलेली आकृती नव्हे हे नुकतंच कळू लागलेलं.

तिला टाकलं टेस्टिंगला, फिटरकाकांच्या हाताखाली. आता इंजिनीअर फिटरच्या हाताखाली कशी, असं विचारू नका. कागदावर उलटंच होतं, पण त्या शेडमध्ये कागदाला विचारतो कोण! तयार झालेला प्रत्येक पंप पाण्याच्या टाकीवर चढवून चालवायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. आवाज स्वच्छ असला की काका पंपावर खडूने खूण करत. ती झाल्याशिवाय पंप पॅकिंगला जात नसे. मीटर होते, तक्ते होते, साहेबांची सही होती. पण खडू एकट्या काकांचा.

पहिले चार महिने तिला नुसती घरघर ऐकू आली. मग एके दिवशी त्या घरघरीच्या आत एक बारीक करकर सापडली, आणि बाई नाचायच्याच बाकी राहिल्या. पुढे तिला सगळं कळू लागलं. इथे ग्रीस कमी पडलंय, तिथे शाफ्ट तिरका बसलाय, इथे बेअरिंग बसवताना कोणीतरी हातोडी हाणलीये. काका दर वेळी म्हणत, "आधी तू सांग." ती सांगे. मग काका स्वतः स्क्रूड्रायव्हर लावत, डोळे मिटून उभे राहत, आणि एक तर खडू उचलत नाही तर पंप खाली घ्यायला लावत. बरोबर की चूक, एक अवाक्षर नाही.

"काका, बरोबर होतं ना माझं?"

"हं."

"हं म्हणजे?"

"पुढचा चढव, पोरी."

तीन वर्षं हेच! दगडालासुद्धा पाझर फुटतो म्हणतात. आई समजूत घालायची, "अगं, शिकवणारे असेच असतात. तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात." दादा म्हणायचा, "कौतुकाचं राहू दे, पगार बघ आधी." दादाचं काही खोटं नव्हतं. तिने संध्याकाळी घरी बसून कंपनांचे आलेख वाचायला शिकून घेतलं, थोडं प्रोग्रॅमिंग शिकली, दोन मुलाखतींत सपशेल आपटली आणि तिसरीत लागली. कंपनी मोठी होती. देशभरातली मशिनं एका खोलीत बसून स्क्रीनवर बघायची.

ही बातमी तिने सगळ्यांच्या आधी काकांना सांगितली. मनात आशा, की आता तरी "थांब" म्हणतील, निदान "तू गेल्यावर कसं व्हायचं" एवढं तरी. काका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"जा," म्हणाले. 

ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली, आणि बाहेर येऊन डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून सांगितलं.

नवं ऑफिस काय विचारता! गालिचा असा जाड की कोणी मागे येऊन उभं राहिलं तरी पत्ता लागू नये. आलेख लाल झाला की फोन करायचा. त्यातही ती पटाईत झाली. साहेब मीटिंगमध्ये नाव घेऊन शाबासकी देत, आणि ती घरी येऊन आईशी चिडचिड करी. दुपारी स्क्रीनवर रेघ संथ चाललेली असे आणि हिचा जीव त्या शेडमध्ये घुटमळत असे. आपण शिकलो ते खरंच शिकलो, की तीन वर्षं नुसते अंदाजपंचे ठोकत होतो? हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि त्याचं तोंड उघडत नव्हतं. त्या एका शब्दासाठी ती झुरत होती.

वर्षभराने तिने जुन्या साहेबांना फोन केला. "परत यायचंय? अगं, टेस्टिंगला माणूस हवाच आहे, उद्याच ये," साहेब म्हणाले. ती रजा टाकून गेली. टाकीपाशी एक अनोळखी माणूस मीटर लावून आकडे लिहीत होता. काका टूलरूमला असतात, म्हणाला.

टूलरूमच्या खिडकीआड काका पान्यांची मोजदाद करत बसले होते. तिने लांबून हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. अगदी समोर आली तेव्हा म्हणाले, "अगं शंकाबाई! वाळलीस की!"

"तुम्हाला इथे कोणी बसवलं?"

"मीच मागून घेतलं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी." त्यांनी कानाला बोट लावलं. "मोठं बोललेलं कळतं, तोंड दिसलं तर. बारीक आवाज गेले. तू आलीस त्या वर्षी थोडं ऐकू यायचं, नंतर काहीच नाही. इथे सगळेच ओरडून बोलतात, कोणाला कळणार?"

"मग खुणा?"

"तू सांगायचीस, मी करायचो. एकही पंप परत आला नाही."

"आणि डोळे मिटून ऐकायचात ते?"

"लोक बघायचे ना."

तिला हसू आलं, आणि लगेच संताप आला. "मग सांगायचं होतं की! तुमचा माझ्यावर भरवसा नाही म्हणून मी नोकरी सोडली, काका!"

"सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

काकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"साहेबांनी तुला टाकीपाशीच ठेवली असती, आणि म्हाताऱ्याचं कसं होईल म्हणून तूही राहिली असतीस. या गोंगाटात माझे कान तीस वर्षं टिकले. तुझे किती टिकणार होते?"

"मला करमत नाही तिकडे," ती पुटपुटली.

"काय?"

"मला करमत नाही तिकडे!" ती ओरडली. मागे पाने घ्यायला रांगेत उभे असलेले चार जण चमकून बघू लागले.

काकांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी तेलकट बाहीने पुसले.

"मलाही नाही करमत," ते म्हणाले. "पण परत येऊ नकोस."

मागच्या माणसाने बारा नंबरचा पाना मागितला, आणि ती बाजूला सरकली.