वेळणी

कुकरच्या तीन शिट्ट्यांवर मी सतरा वर्षं संसार केला आणि त्याची मला लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की बाई आता कुकरला नावं ठेवणार. रोजचा भात मी अजूनही कुकरलाच लावते. मी बोलतेय ती फक्त रविवारच्या सकाळबद्दल.

मी भोरला एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून आहे. नवरा शिरवळला कंपनीत, पाळीचं काम. घरी सासूबाई. माझी आई पासलीला, डोंगरात, भाताच्या चार खाचरांच्या कडेला एकटी राहते. तिच्याकडे मोबाईलला रेंज येते ती अंगणाच्या एका कोपऱ्यात, आणि तीही तिच्या मनात आलं तर.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिने नवा तांदूळ पाठवला होता. आठवड्याने फोन केला. "नव्या तांदळाची पेज पिलीस का गं?" एका हाताने मी कणीक मळत होते, मोबाईल खांद्याला दाबून धरला होता. वैतागून म्हटलं, "पेज कुठनं येनार आई? कुकरला लावते म्या. वेळ न्हाई मला." तिकडून खरखर आली, मग "बरं" आलं आणि फोन कट झाला.

चार दिवसांनी चुलतभाऊ टेम्पो घेऊन भोरच्या बाजाराला आला आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं हातात देऊन गेला. सोडून बघते तर आईची वेळणी. भात शिजला की पातेल्याच्या तोंडावर ही खोलगट पितळी ताटली दाबून धरायची, पातेलं तिरकं करायचं आणि पेज खाली काढायची. याला आमच्याकडे भात वेळणं म्हणतात. मी म्हणाले 'वेळ न्हाई', आणि बाईने ऐकलं 'वेळणी न्हाई'. हसू आलं आणि रागही आला. आता हिच्यासाठी तरी रविवारी भात वेळणं आलं.

पहिल्या रविवारी अर्धा भात मोरीत गेला. लहानपणी हे शंभरदा केलेलं, पण हात विसरले होते. वेळणी सरकली, मनगट भाजलं, मी चांगली कचकचीत शिवी घातली. नवरा आतून म्हणाला, "कुकर बिघडलाय का?" उरलेला अर्धा भात तव्यावर मंद आचेवर ठेवला आणि पेजेत मीठ घालून ओट्याशी उभ्या उभ्या प्यायले. लसणाच्या चटणीचं बोट चाटत प्यायले. आणि खरं सांगते, रडू आलं. पेजेला वास होता, आणि तो वास मी सतरा वर्षं शिट्टीबरोबर वर सोडून देत होते.

मग मी हट्टालाच पेटले. दर रविवारी आठला आधण ठेवायचं आणि तिथून हलायचं नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. शीत बोटांत दाबून बघायचं. मधे कणी जेमतेम राहिली पाहिजे. ती कणी बघायला दुसरीकडे डोकं ठेवून चालत नाही. तो एक तास कुणाचा नव्हता, माझा होता. एवढीच गोष्ट मला हवी होती, आणि तीच सगळ्यांना खुपायला लागली.

आधी सासूबाई. त्या रागावल्या नाहीत, खूश झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं. शेजारी सांगून आल्या, "आमची सून आता कुठं घराला लागली." म्हणजे सतरा वर्षं मी काय एस.टी. स्टँडवर राहत होते? वर त्यांनी नणंदेच्या घरच्यांना रविवारी जेवायला बोलावलं. बारा माणसं, वेळलेला भात खायला. मी सांगितलं, "वेळणीवर चार माणसांचा भात निघतो. बाराजणांना कुकर लावते. ज्याला वेळलेला पायजे त्यानं पातेलं धरायला यावं." कुणी आलं नाही. सगळे कुकरचा भात खाऊन, छान झालाय म्हणून गेले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच शांतता.

मग ऑफिस. तपासणीची समिती येणार होती, फायली लावायच्या होत्या. साहेब म्हणाले, "रविवारी या सगळ्यांनी." सतरा वर्षांत मी अशा हाकेला नाही म्हटलं नव्हतं. म्हटलं, "शनिवारी रात्रीपर्यंत बसते. रविवारी सकाळी जमणार नाही."

"घरी काही कार्य आहे?"

"नाही. भात वेळते मी."

"हे काय कारण आहे?"

"हेच कारण आहे, सर."

बारसं सांगितलं असतं, आजारपण सांगितलं असतं, तर चाललं असतं. खोटं चालतं. पण मला स्वतःसाठी तास हवाय, हे खरं कारण ऐकायची कुणाची तयारी नसते. शनिवारी मी माझ्या फायली लावून दिल्या, एकही मागे ठेवली नाही. तरी पुढच्या परीक्षेच्या, जादा पैसे मिळतात त्या कामातून माझं नाव वगळलं गेलं. वाईट वाटलं. दोन दिवस नीट झोपले नाही, हा हट्ट आपल्याला परवडेल का, असंही मनात येऊन गेलं. रविवार उजाडला तेव्हा मी आधण ठेवलं. नवरा रात्रपाळी करून आला होता. त्याने फडकं घेतलं आणि पातेल्याचा दुसरा कान धरला.

या माघात पासलीला गेले. रविवार होता, म्हणून वेळणी पिशवीत घालून नेली. रविवार चुकवायचा नाही म्हणजे नाही. बघते तर आई चुलीपुढे साध्या जेवायच्या ताटाने भात वेळत होती आणि पेज हातावर ओघळत होती.

"आई, तू तुझी एकच व्हती ती धाडलीस?"

"मग दोन कुठनं आनू?"

"अगं, म्या वेळनी कुठं मागितली व्हती? वेळ न्हाई म्हनलं व्हतं. कान दाखवून घे एकदा."

आईने ताट बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसला.

"कानाला काय झालंय माझ्या? समदं नीट ऐकलं म्या. वेळ न्हाई म्हनालीस. आता वेळ काय टेम्पोत घालून धाडता येतीय व्हय गं? जे घरात व्हतं ते धाडलं."

दोन वर्षं मी चारचौघांत आईच्या कानांची गोष्ट हसून सांगत होते.

"आता बसू नगंस," ती म्हणाली. "शीत लई शिजतंय. धर तिकडनं."

मी पिशवीतून वेळणी काढली आणि पातेल्यावर दाबून धरली.