गाणं सुरू होण्याआधी

विमलताई उजव्या हाताने दार उघडायच्या आणि डाव्या हाताची बोटं चौकटीवर वाजत असायची. पहिल्या दिवशी माझी ट्राम चुकली होती. बोटं बघून वाटलं, बाई रागावल्यात. मी खाली मान घालून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आत ये. हे हात माझे नाहीत, बुवांचे आहेत."

बुवा म्हणजे अमेरिकेतले एक संगीतकार. ब्रॉडवेवर त्यांची गाण्यांची नाटकं वर्षानुवर्षं चालली. ताईंचे वडील संगीत नाटकांत ऑर्गन वाजवायचे, त्यामुळे गाण्यातला कुणीही मोठा माणूस ताईंच्या लेखी बुवाच. इथे परदेशात, ताई राहायच्या त्या बुइटनव्हेल्डर्ट भागातली हौशी मंडळी ती नाटकं इंग्रजीतून बसवायची आणि पियानोवर ताई. मी जवळच्या डीमन गावाहून त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागे सरकते. पण भाजी चिरता चिरता सगळी गाणी कानात बसली.

त्या नाटकांत एक पद्धत असते. नटाचं बोलणं संपत आलेलं असतं, गाणं अजून सुरू व्हायचं असतं. तोवर पियानोवाल्याने तेच थोडे सूर पुन्हा पुन्हा वाजवायचे. नट गायला लागला की पुढे जायचं. ताई त्याला फिरवत ठेवणं म्हणायच्या. "नट वाक्य विसरो, नाहीतर त्याचा बूट निसटो. आपण फिरवत ठेवायचं. तो येतोच." मला उशीर झाला तर दारातच ऐकवायच्या, "ये बाई, केव्हाची फिरवतेय."

मग एका सकाळी दार उघडून त्यांनी मला विचारलं, कोण हवंय? मला थट्टा वाटली, मी हसले. त्या हसल्या नाहीत. जरा वेळाने माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "शांता, हे बाहेर बोलू नकोस. कळलं तर पियानोवर दुसरं कुणी बसेल."

मी कुणाला सांगितलं नाही, पण रोज दार उघडलं की आधी त्यांच्या नजरेकडे बघायचे. नाटक जवळ आलं तेव्हा ताईंनी हट्टच धरला की गाण्यांच्या वहीची पानं उलटायला शेजारी मीच बसायचं. त्या मान हलवणार, मी पान उलटणार.

प्रयोगाला सभागृह भरलेलं. शेवटच्या गाण्याआधी ताई सूर फिरवत होत्या. नायिका झालेली मुलगी बोलली, गायला लागली. ताई पुढे गेल्याच नाहीत. तेच सूर. मुलगी अडखळली, थांबली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच सूर. लोक चुळबुळ करू लागले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. दारात कोण हवंय विचारलं तेव्हाची ती नजर होती.

मी त्यांच्या कानाशी वाकून गाण्याची पहिली ओळ म्हटली. तिचा अर्थ मला आजही माहीत नाही. हळूच म्हणायची होती, पण भीतीने आवाज मोठा निघाला आणि सगळ्यांना ऐकू गेला. ताईंची बोटं पुढे सरकली. मुलगीही सुरात आली.

पडदा पडल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "आलीस. मला वाटलं, कुणी येतच नाही."

आता त्या आल्मेरेला, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेतात अशा एका घरात असतात. मला ओळखत नाहीत. पांघरुणावर बोटं मात्र चालू असतात. आवाज नसला तरी सूर मला कळतात, त्या गाण्याआधीचेच. तिथली सुरिनामची परिचारिका, तिचे पूर्वज आपल्याकडचे, हिंदी बोलते. ती म्हणते, मावशी, तुम्ही गा की, त्यांना बरं वाटेल.

ओळ माझ्या ओठांवर असते. पण हल्ली ताईंची बोटं फार हळू चालतात. मी गायले तर त्या पुढे जातील, आणि ते गाणं काही लांब नाही, लवकर संपतं.

मी गात नाही. खुर्ची जवळ ओढते आणि बोटांकडे बघत बसते. मध्येच ती थांबतात, तेव्हा माझाही श्वास थांबतो. मग पुन्हा चालू होतात.